टाकीतला मासा आला कुठून? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न: घरच्या टाकीसाठी प्रवाळभित्तीवरचे मासे पकडणे ही समुद्राची लूट आहे, असे काहीजण म्हणतात. उलट बाजू अशी की, जाळ्याने एकेक मासा धरणाऱ्या मच्छीमारांचे पोट त्यावर चालते, म्हणून तेच भित्ती जपतात. कोणाचे खरे मानायचे?

उत्तर: आधी माशाची जात सांगा. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतेक पैदास केंद्रांतून येतात. खाऱ्या पाण्यातल्या बहुतेक जाती मात्र अजूनही समुद्रातूनच पकडल्या जातात, मुख्यतः इंडोनेशिया आणि फिलिपिन्समध्ये. तेव्हा आक्षेप पोकळ नाही, पण तो सगळ्या जातींना सारखा लागू होत नाही.

हवाईतला पिवळा टँग उघड्या पाण्यात अंडी सोडतो. त्याच्या अळ्या काही आठवडे प्रवाहाबरोबर वाहत जाऊन दूरच्या किनाऱ्यावर स्थिरावतात. १९९८ च्या कायद्यानंतर हवाई बेटाच्या पश्चिम किनाऱ्याचा सुमारे ३५ टक्के भाग या पकडीला बंद झाला. बंद पट्ट्यांत टँग वाढले आणि तिथल्या अळ्या उघड्या पट्ट्यांतही जाऊन वाढल्या. तरी भांडण मिटले नाहीच. पर्यावरणीय तपासणी टाळून परवाने देता येणार नाहीत, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला.

आता इंडोनेशियातल्या बांगाई बेटांभोवतीचा बांगाई कार्डिनल पाहा. नर अंडी तोंडात धरतो, ती फुटल्यावरही पिल्ले काही दिवस तोंडातच ठेवतो आणि मग ती तिथेच, लांब काट्यांच्या समुद्री अर्चिनच्या आडोशाला राहतात. वाहत जाणारी अळी नाहीच. एखादी खाडी उपसली तर ती भरून काढायला शेजारून कोणी येत नाही. २००७ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने हा मासा संकटग्रस्त ठरवला. वैताग असा की, खाऱ्या पाण्यातल्या माशांत घरी पैदास करायला सगळ्यांत सोप्या जातींपैकी ही एक. तो जंगली विकत घेण्याचे कोणतेही समर्थन आम्हाला पटत नाही.

प्रश्न: सायनाइडने पकडलेला मासा दुकानात ओळखता येतो का?

उत्तर: नुसते बघून नाही. ही पद्धत फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकात सुरू झाली. सोडियम सायनाइडच्या गोळ्या दाबायच्या बाटलीत समुद्राच्या पाण्यात विरघळवतात आणि पिचकारी थेट प्रवाळाच्या फटीत मारतात. मासा गुंगतो. फटीत अडकला तर प्रवाळ फोडून बाहेर काढतात. त्या फवाऱ्यातले प्रवाळ रंग गमावतात, मरतातही, आणि आसपासचे छोटे जीव हकनाक जातात.

मासा दुकानात किमान दोन आठवडे राहिलेला असावा आणि तुमच्यासमोर खाल्लेला असावा, एवढा हट्ट धरा. समोरून पाहताना पोट खपाटीला गेलेले किंवा डोक्यामागचा भाग बसलेला असेल तर सोडून द्या. डोके खाली करून तरंगणारा मासा बहुधा खोल पाण्यातून घाईने वर ओढलेला असतो. वर आणताना दाब घटतो, हवेची पिशवी फुगते. त्याचा सायनाइडशी संबंध नाही. प्रत्येक मरणाचे खापर विषावर फोडू नका.

प्रश्न: नवा मासा दोन तास ठिबक पद्धतीने, म्हणजे त्याच्या पाण्यात टाकीचे पाणी थेंबथेंब मिसळत, सवय करून सोडतो, तरी तिसऱ्या दिवशी मरतो. जंगली मासे टिकतच नाहीत का?

उत्तर: टिकतात. लांबून पिशवीत आलेला मासा असेल तर पहिला संशय त्या ठिबकावरच घ्या. बंद पिशवीत श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच खाली येतो. त्यामुळे साचलेला अमोनिया बराचसा कमी विषारी अमोनियमच्या रूपात असतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया कल्ले जाळू लागतो. तुम्ही माशाला दोन तास त्यातच ठेवता.

त्याऐवजी विक्रेत्याला त्याच्या पाण्याची क्षारता, म्हणजे खारटपणा, आधीच विचारा; ती विशिष्ट गुरुत्वात सांगतात. समजा ती १.०२० आहे, तर क्वारंटाइन टाकीचे (नवा मासा आधी वेगळा ठेवायच्या टाकीचे) पाणी तेवढेच करून ठेवा. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगू द्या, म्हणजे तापमान जुळेल. मग उघडा, क्षारता पटकन मोजा, मासा लगेच टाकीत घ्या आणि पिशवीतले पाणी फेकून द्या. पुढे रोज ०.००१ ते ०.००२ एवढीच क्षारता वाढवा. माशाला क्षारता उतरलेली सोसते, चढलेली जड जाते.

क्वारंटाइन चार ते सहा आठवडे. मुरवलेला (अमोनिया पचवणारे जिवाणू वाढलेला) स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे पुरतात. वाळू आणि खडक नकोत, कारण पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचे औषध दिले तर ते तांबे शोषून घेतात आणि मात्रा चुकते. तांबे रोज चाचणी किटने मोजा. अंदाजाने ओतलेले औषधच मासा मारते. ते प्रवाळाच्या टाकीत कधीही घालू नका. स्पंज कोरा असेल तर अमोनिया दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच चढतो, म्हणून तो महिनाभर आधी मुख्य टाकीच्या संपमध्ये (गाळणीच्या जोडटाकीत) टाकून ठेवावा.

प्रश्न: मग घ्यावे काय आणि टाळावे काय?

उत्तर: क्लाउनफिश, निऑन गोबी, डॉटीबॅक हे पैदाशीचेच घ्या. क्लाउनची अंडी खडकाला चिकटलेली असतात आणि आठवडा-दहा दिवसांत फुटतात. पिल्लांचे तोंड रोटिफर हे सूक्ष्म जलजीव गिळण्याइतके मोठे असते, म्हणून ती वाढवणे जमते. टँगच्या अळीला त्याहून बारीक खाद्य लागते. पिवळ्या टँगची पैदास २०१५ मध्ये हवाईतल्या ओशॅनिक इन्स्टिट्यूटला जमली. समुद्रघोडे २००४ पासून साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे त्यांच्या व्यापारावर नियंत्रण आहे, तेव्हा कागद पाहिल्याशिवाय घेऊ नका.

क्लीनर रास, मूरिश आयडॉल आणि फक्त प्रवाळ खाणारे बटरफ्लायफिश टाळा. टाकीत ते बहुधा उपाशी मरतात. मँडरिन माशाला दिवसभर कोपेपॉड हे बारीक कवचधारी जीव टिपायचे असतात. नव्या टाकीतला साठा तो काही आठवड्यांत संपवतो. पैदाशीचा मँडरिन गोठवलेले खाद्य घेतो असे सांगतात, तर ते विकत घेण्याआधी दुकानातच खायला घालून दाखवायला सांगा.