सांगलीत चौघांच्या घराला चहा, सरबत, कोल्ड्रिंकवर महिन्याला किती खर्च येतो?

खरा खर्च दुधाचा. चहाला रोज अर्धा लिटर, लिटरला ६० रुपये धरले तर महिन्याचे ९०० तिथेच गेले. अर्धा किलो चहा पावडर आणि तीन किलो साखर मिळून आणखी चारएकशे. म्हणजे घरचा चहा तेराशेच्या आसपास. बहुतेक घरांत किराण्याच्या यादीत पावडर-साखरच मोजतात, दुधाचं बिल वेगळं राहतं, म्हणून हा आकडा कधी डोळ्यांसमोर येत नाही.

बाहेरचा चहा तर कोणी धरतच नाही. दहाचा कप, दिवसाला दोन, एकट्याचे ६००! दोघं कामावर जाणारे असतील तर घरच्याइतकेच पैसे टपरीवर जातात. कात्री लावायची तर इथेच लावा.

२०२३-२४ च्या केंद्रीय कुटुंब खर्च पाहणीत देशभरात खाण्यापिण्यातला सगळ्यात मोठा वाटा पेयं आणि तयार पदार्थांचाच आहे: एकूण खर्चाच्या खेड्यांत ९.८४ टक्के, शहरांत ११.०९.

कोल्ड्रिंकवर ४० टक्के जीएसटी आहे. त्यापेक्षा उन्हाळ्यात मुलांना ताक, कोकम सरबत द्या, नाहीतर रसवंतीवर उसाचा ताजा रस पाजा.