हेराल्डचा क्लच गळतोय? गिअरबॉक्स उतरवू नका

भाऊ, तुमच्या जुन्या स्टँडर्ड हेराल्ड गाडीच्या क्लचचं तेल गळतंय म्हणून परभणीच्या गॅरेजवाल्यानं 'गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल' असं सांगितलं असेल तर त्याला आधी थांबवा. या गाडीचा क्लच हायड्रॉलिक आहे, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो, आणि त्याचा खालचा सिलिंडर, म्हणजे स्लेव्ह, बेलहाउसिंगला (क्लचभोवतीच्या घराला) बाहेरून बसवलेला असतो. तो गिअरबॉक्स जागेवर ठेवूनच निघतो.

पेडल तळाला जातं, रिव्हर्स टाकताना करकर होते, खाली डाग पडतो, ही लक्षणं त्याचीच वाटतात. तरी खात्री करा. टपकलेला थेंब पाण्याच्या वाटीत टाका. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, इंजिनचं किंवा गिअरचं तेल वर तरंगतं. मिसळलं तर सिलिंडरच्या तोंडावरचं रबरी बूट मागे सरकवा; आत ओल दिसली की पिस्टनवरचा रबरी वॉशर गेला. पेडलजवळची मॅटही चाचपा. तिथं ओलं असेल तर पेडलला जोडलेला वरचा सिलिंडरही काढावा लागणार.

काढायला मी आतूनच जातो. पुढच्या सीटा, मॅट आणि गिअरबॉक्सवरचं कव्हर काढलं की हात नीट पोचतो. वाड्यात वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचे स्क्रू गंजलेले असणार, त्यांना आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. खालून करायचं झालं तर गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका.

आता बरेच मिस्त्री उलटं करतात ती गोष्ट. पाइप आधी खोलू नका. पुशरॉडची (पिस्टननं ढकलली जाणारी, क्लच सोडवणारी दांडी) पिन काढा, सिलिंडर पकडणारा बोल्ट सोडवून तो बाहेर सरकवा, तोंडाला जाड फडकं धरा आणि कोणाला तरी पेडल हळूहळू दाबायला सांगा. अडकलेला पिस्टन तेलाच्या दाबानंच बाहेर येतो. पाइप आधी खोललात तर मग पंक्चरवाल्याकडे हवा मारायला जा, आणि तिथं पिस्टन गोळीसारखा सुटतो. पाइप सोडवताना होजला पीळ बसू देऊ नका, एक पाना होजच्या षटकोनावर धरून दुसऱ्यानं युनियन (पाइपचा जोडनट) फिरवा. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, नाहीतर रंग उचलतो.

नवं किट (वॉशर वगैरे रबरी भागांचा संच) टाकायचं की नाही, हे सिलिंडरच्या आतली भिंत ठरवते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीत आत गंजाचे खड्डे पडतात. नख अडकेल असा खड्डा असेल तर नवा वॉशरही काही दिवसांत गळणार. मग एकतर नवा सिलिंडर, नाहीतर लेथवाल्याकडून आत स्टेनलेस किंवा पितळेचा स्लीव्ह (नळीसारखं अस्तर). संभाजीनगरला वाळूज, चिकलठाण्याकडे अशी कामं करणारे सापडतील. मूळ बोअर (आतला व्यास) मात्र तोच ठेवायला सांगा. तो मोठा झाला तर पुशरॉड कमी सरकतो आणि क्लच पूर्ण सुटत नाही. नवा मागवतानाही आधी बोअर मोजा.

धुवायला पेट्रोल, डिझेल, रॉकेल अजिबात नको, रबर फुगतं. ताजं ब्रेक ऑइलच वापरा आणि वॉशरलाही तेच लावा. भरायला डॉट ३ किंवा डॉट ४. सिलिकॉनचं डॉट ५ त्यात मिसळायचं नाही.

बसवताना हवा काढायचं निपल वरच्या बाजूला आलं पाहिजे. ते खाली राहिलं तर कितीही पेडल मारा, वर अडकलेली हवा निघत नाही आणि दोष नव्या किटवर जातो.