आधी कलमाचा चाकू, मग खडू

मुंबईत वाढलीस, घरची शेती नाही, म्हणून उद्यानविद्येची प्राध्यापक होशील का, ही शंका तुला सतावते. मीही दादरच्या चाळीतूनच दापोलीच्या कृषी विद्यापीठात गेलो होतो. एम.एस्सी., नेट, पीएच.डी. ही वाट तुला ठाऊकच आहे.

खरी तयारी हातांची. पावसाळ्यात रोपवाटिकेत बसून आंब्याची कोय कलमं बांध. कोय रुजून जेमतेम 15 दिवसांचं कोवळं रोप, त्यावर बांधायला हव्या त्या जातीच्या झाडाची त्याच जाडीची काडी, पाचरीचा काप, वर प्लास्टिकची पट्टी. माझी सुरुवातीची बहुतेक कलमं वाळली. काप एका ओढीत घेत नव्हतो, सालीला साल भिडत नव्हती. हे उमगल्यावरच मला ते वर्गात शिकवता आलं.

संशोधनात मात्र धीर लागतो, बाळा. हापूसमधल्या साक्यावर, म्हणजे गर आतून स्पंजासारखा होण्याच्या दोषावर, उपाय शोधताना वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून नीलम आणि हापूसच्या संकराचा 'रत्ना' 1981 साली आला. मग रत्ना आणि हापूसपासून 'सिंधू', अगदी पातळ कोयीचा, 1992 साली. मधली वर्षं मोजून बघ.

तोवर राणीच्या बागेतलं एकच झाड निवड आणि वर्षभर त्याची पालवी, मोहर, पानगळ वहीत टिपत राहा. हंगामात वाशीच्या फळबाजारात पहाटे जा. पेटीतली फळं का नासतात, ते आडत्यांना विचार. ते मनापासून सांगतात. जूनमध्ये चाकूला धार लावून ये, पहिला काप आपण मिळून घेऊ.