गुडघा दुखतो, स्क्वॉट सोडू का?

प्रश्न: ताई, माझं वय ४३, राहते भांडुपला आणि ऑफिस लोअर परळला, म्हणजे रोज दादरला गाडी बदलायची. ३ महिने झाले जिम लावून. ट्रेनर म्हणतो स्क्वॉट, म्हणजे बैठका मारताना गुडघा पायाच्या बोटांच्या पुढे जाताच कामा नये, मी तसंच करते तरी स्टेशनचा पूल उतरताना उजव्या गुडघ्याच्या वाटीच्या मागे दुखतं, आणि खाली बसताना कटकट आवाज येतो. सासूबाई म्हणतात गादी झिजली, बंद कर ते जिम.

उत्तर: बंद नका करू, थोडं मागे या फक्त. सूज नसेल आणि आवाजासोबत दुखत नसेल तर कटकटीला घाबरू नका, माझे गुडघे तर शेजारच्या मॅटपर्यंत ऐकू जातात. आणि सासूबाईंना सांगा, गादीला रक्तवाहिन्या नसतात, दाब पडला-सुटला की स्पंजसारखं तिला पोषण मिळतं, म्हणजे नुसतं बसून राहून ती काही वाचत नाही.

तो बोटांचा नियम मीपण कितीतरी वर्षं सांगायचे! पण पूल उतरताना गुडघा बोटांपुढे जातोच की. स्क्वॉटमध्ये जबरदस्तीने मागे धरलात की तुम्ही पुढे वाकता आणि भार जातो कंबरेवर. त्यापेक्षा आरशासमोर एका पायरीवरून हळूच उतरून बघा, उजवा पाय वर ठेवून. गुडघा अंगठ्याच्याही आत वळतोय? मग नितंबाचे स्नायू कमी पडतायत, रबर बँड लावून बाजूला चालणं आणि ब्रिज (पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलायची) सुरू करा.

स्क्वॉटला आता वजन नको. मागे खुर्ची ठेवा, ३ आकडे मोजत खाली, टेकलं न टेकलं की वर, टाच उचलायची नाही. तेवढंही दुखलं तर खुर्चीवर उशी ठेवा, म्हणजे कमी खाली जाल. लंजेस, म्हणजे एक पाऊल लांब टाकून गुडघे वाकवायचे ते, करताना पाऊल पुढे नाही, मागे टाका. दुखणं १० पैकी ३ पर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं असेल तर कालचं जास्त झालं समजा. २-३ आठवडे असं गेलं की मग हातात डंबेल घ्या, एकदम बारबेल नको.

पुलावर तोवर कठडा धरून उतरा, उतरतानाच वाटीवर जास्त ताण येतो, मागून लोक ओरडतील, ओरडू देत. मात्र गुडघा सुजला, मध्येच अडकला किंवा चालता चालता दगा द्यायला लागला तर ट्रेनरला नाही, ऑर्थोला, म्हणजे हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.