चिखलातून आल्यापासून एबीएसचा दिवा लागतोय, सेन्सर बदलूनही परत आला. मॉड्यूल बदलू का?

नका बदलू. निदान आत्ता तरी नाही.

तुम्ही लिहिलंय त्याचा मला कळलेला सारांश असा: नेरूळला राहता, २०२१ची फोर बाय फोर, पावसाळ्यात मुरबाडकडच्या चिखलवाटांवर गेलात आणि आल्यावर डॅशबोर्डवर एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा. गॅरेजवाल्याने स्कॅन केलं, पुढच्या डाव्या चाकाच्या बिघाडाचा कोड आला, त्याने त्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर बदलला. थोडे दिवस बरे गेले, दिवा परत. आता तो म्हणतो, ‘मॉड्यूल गेलंय साहेब,’ म्हणजे एबीएस चालवणारा कंप्युटर.

मी ठाण्यात वागळे इस्टेटला गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो, आणि तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते ‘थोडे दिवस बरे गेले’. सेन्सर बदलताना कपलर, म्हणजे वायर जोडणारा प्लग, काढला गेला, परत दाबून बसवला गेला, वायर इकडची तिकडे झाली. तेवढ्यानेही सैल किंवा गंजलेला कॉन्टॅक्ट काही दिवस जिवंत होतो. म्हणजे कदाचित जुना सेन्सर चांगलाच होता. फेकला नसेल तर मागून घ्या.

स्कॅनरवर सी ००३५ दिसलं की त्याचा अर्थ पुढच्या डाव्या चाकाच्या स्पीड सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड, एवढाच. काही कंपन्यांचे कोड वेगळे असतात, पण मुद्दा तोच. त्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, कपलर आहे, मॉड्यूलपर्यंत गेलेली वायर आहे आणि चाकाबरोबर फिरणारी रिंगही आहे, जिच्यावरून सेन्सर वेग ओळखतो. सेन्सर एका बोल्टवर निघतो म्हणून पहिला बळी त्याचा.

हात काळे करण्याआधी एक बघा: दिवा नक्की कधी लागतो? चावी फिरवल्यावर सगळे दिवे विझतात आणि हा तसाच राहतो, तर वायर तुटलीय किंवा शॉर्ट आहे. गाडी थोडी पळाल्यावर लागतो, तर सर्किट जोडलेलं आहे पण सिग्नल नीट येत नाही. मग रिंग, बेअरिंग, सेन्सर बसतो ती जागा बघायची. गायमुखच्या खड्ड्यांत किंवा स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावरच लागत असेल तर वायरच, नव्वद टक्के. आणि एबीएसबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागत असेल तर गाडी बाहेर काढू नका, आधी ब्रेक ऑइल बघा. नुसता पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक लागतात, पण चाकं जाम होऊ शकतात हे ध्यानात ठेवून चालवा.

आता वायर. तुमच्यासारख्या गाड्यांत मला दोष सापडतो तो बहुतेक इथेच. चाक खड्ड्यात लोंबतं तेव्हा सस्पेन्शन शहरात कधी उतरत नाही इतकं खाली उतरतं आणि सेन्सरची वायर ताणली जाते. वर लिफ्ट किट टाकलेलं असेल तर विचारूच नका; स्प्रिंग उंच झाल्या, वायर होती तेवढीच राहिली. चिखलात एखादी क्लिप निघाली की वायर टायरला नाहीतर सस्पेन्शनच्या आर्मला घासते. गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, बाकीच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा, चाक काढा. मग सेन्सरपासून आतल्या मडगार्डपर्यंत वायर बोटांनी चाचपत जा. वरून धड दिसणारी वायर एखाद्या ठिकाणी मऊ, लिबलिबीत लागते. तिथे ब्लेडने आवरण सोला, आत तांब्याऐवजी हिरवी भुकटी निघते. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून पाणी गेलेलं असतं आणि आतल्या आत तांबं खाल्लं जातं. खाडीकाठची आपली खारी हवा त्याला मदतच करते. कपलरचंही तसंच: उघडा, पिना हिरव्या किंवा काळ्या आहेत का बघा, रबरी सील जागेवर आहे का बघा.

मल्टिमीटर लावताना एक सांभाळा. जुन्या गाड्यांत पॅसिव्ह सेन्सर असतो, आत चुंबक आणि कॉइल. त्याचा ओहम मोजता येतो, साधारण एक-दोन हजारांच्या घरात. डावा-उजवा ताडून बघा, खूप फरक नको. २०२१च्या गाडीत मात्र बहुतेक ॲक्टिव्ह सेन्सर असणार, आत इलेक्ट्रॉनिक्स. त्याचा ओहम मोजून काहीच कळत नाही, उगाच मीटरचा करंट आत सोडू नका. त्याऐवजी कपलर काढून, चावी ऑन करून, गाडीकडच्या दोन पिनांवर व्होल्ट बघा. बॅटरीच्या जवळपास सप्लाय मिळायला हवा. नसेल तर आधी एबीएसचा फ्यूज आणि बॅटरी बघा, मग मॉड्यूलपर्यंतच्या दोन्ही वायरींची कंटिन्युइटी (मधे कुठे तुटल्या नाहीत ना) आणि मॉड्यूलचं अर्थिंग. हे सगळं ठणठणीत असूनही सप्लाय येत नसेल, तरच तुमच्या गॅरेजवाल्याचं म्हणणं विचारात घ्या.

सप्लाय असेल तर पुढची चाचणी मला फार आवडते. मीटर मिलिअँपिअरवर घेऊन एका वायरमध्ये सिरीजमध्ये, म्हणजे करंट मीटरमधूनच जाईल असा, जोडा आणि चाक हाताने अगदी सावकाश फिरवा. आकडा ७च्या आसपास आणि १४च्या आसपास असा उड्या मारायला हवा. मारतोय म्हणजे सेन्सरही चांगला, रिंगही चांगली. एकाच आकड्यावर थिजला तर दोघांपैकी एक दोषी.

रिंगबद्दल लोक विसरतात. ॲक्टिव्ह सेन्सरवाल्या बऱ्याच गाड्यांत दातेवाली रिंग नसतेच, बेअरिंगच्या सीलवरच गुळगुळीत काळा चुंबकी पट्टा असतो. मधे कधी बेअरिंग बदललंय का? ते उलटं ठोकलं गेलं तर पट्टा बाहेरच्या बाजूला जातो आणि सेन्सरला काहीच दिसत नाही. नवेकोरे सेन्सर टाकत राहा, दिवा हटणार नाही. बेअरिंग सैल होऊन हलत असेल तरी सेन्सर आणि रिंगमधलं अंतर हलतं. सेन्सर बसतो त्या जागेवर गंजाचा पापुद्रा धरला तर सेन्सर एखाद्या मिमीने वर उचलला जातो. तिथे अंतरच तेवढं असतं, त्यामुळे हा एक मिमीही फार होतो. जागा पॉलिश पेपरने घासून साफ करा.

अंतर वाढल्याची खूण: रस्त्यावरच्या सिग्नलला हळू हळू थांबताना, अगदी शेवटच्या क्षणी ब्रेक पेडल पायाखाली धडधडतं. एका चाकाच्या सेन्सरचा सिग्नल आधी मरतो, मॉड्यूलला वाटतं चाक जाम झालं, आणि ते ब्रेक सोडवतं. असं होत असेल तर घाटात जाऊ नका. काही लोक यावर एबीएसचा फ्यूजच काढून ठेवतात. पुढच्या-मागच्या ब्रेकचं वाटप सांभाळणारं ईबीडीही त्यात जाऊ शकतं, आणि मग उतारावर मागची चाकं आधी जाम झाली की गाडी आडवी होते.

घरी स्कॅनर नसेल तर ऑनलाइन मिळणारा स्वस्त डोंगल (छोटा प्लग-स्कॅनर) घेऊ नका, तो बहुतेक इंजिनचेच कोड वाचतो. एबीएस वाचणारा स्कॅनर असलेल्याला शोधा आणि चारही चाकांचा लाइव्ह डेटा मागा. तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या एखाद्या मोकळ्या सरळ रस्त्यावर वीसच्या वेगाने जा, शेजारी बसलेल्याने आकडे बघावेत. एक चाक शून्यावर अडकलेलं, की खड्ड्यातच शून्य होणारं, की एकाच लयीत वरखाली होणारं, यावरून निम्मं निदान होतं. चारही टायर एकाच साइजचे आहेत ना, तेही त्याच वेळी बघा. एकच टायर नवा आणि बाकीचे झिजलेले, असं असेल तरी एक चाक सतत वेगळा वेग दाखवतं.

वायर सापडली तर नुसती पिळून टेप मारू देऊ नका. खराब झालेला भाग कापून तेवढाच नवा तुकडा जोडा, सोल्डर करा, वर आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह चढवा. चाक पूर्ण लोंबकळू दिल्यावरही वायर सैल राहील एवढी ढील ठेवा, क्लिपा परत लावा. कोड पुसल्यावरही दिवा लगेच जाईलच असं नाही. बऱ्याच गाड्यांत थोडं अंतर चालवून चारही सिग्नल नीट आल्यावरच तो विझतो, तेव्हा गॅरेजच्या दारातच निराश होऊ नका.