गजकर्ण ट्यूबने दबतं आणि परत येतं, त्वचेच्या डॉक्टरांकडे कधी जावं?

तुम्ही लिहिलंय की चार महिन्यांत मेडिकलमधल्या ट्यूबने मांडीवरचं गजकर्ण दोनदा गेलं आणि दोन्ही वेळा परत आलं. मग आता वाट बघू नका, याच आठवड्यात जा. मी दीड वर्ष घालवलं, म्हणून कळकळीने सांगतोय.

आधी ती ट्यूब हातात घेऊन मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टिरॉइड. माझ्या ट्यूबमध्ये क्लोबेटासॉल होतं, जोडीला बुरशीचं आणि जंतूंचं औषध. दोन दिवसांत खाज बंद व्हायची, लाली उतरायची, वाटायचं गुण आला. स्टिरॉइडने फक्त दाह दबतो. त्या जागेची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. ट्यूब सोडली की दुप्पट उठायचं. रुपयाएवढं वर्तुळ होतं ते जांघेतून कमरेपर्यंत गेलं. जांघेत जांभळट रेघा उमटल्या, बाळंतपणानंतर पोटावर दिसतात तशा. गजकर्ण बरं झालं, पण त्या रेघा आजही आहेत, फक्त पांढुरक्या झाल्यात.

डॉक्टरांनी ब्लेडने चट्ट्याच्या कडेचा कोंडा अलगद काचेवर खरवडून घेतला, त्यावर एक थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. जराही दुखलं नाही. मग विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे?" मी नाही म्हणालो. घरी आल्यावर बायकोने सांगितलं की तिच्या कमरेला, परकराच्या नाडीखाली, सहा महिन्यांपासून आहे. लाजेने बोललीच नव्हती. दोघांचे उपचार एकदम झाले तेव्हा कुठे ते घरातून गेलं. गोळ्या होत्या, आणि मलम चट्ट्याच्या बाहेर बोटभर चांगल्या कातडीलाही लावायचं होतं, तेही चट्टा दिसेनासा झाल्यावर आणखी दोन आठवडे.

बाकी घामोळं किंवा एखाददुसरा मुरूम यासाठी धावायची गरज नाही. मुरमांचे खड्डे पडायला लागले तर मात्र जा. रात्री खाज वाढते आणि घरात सगळेच खाजवतायत, तर बहुधा खरूज आहे, सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावावं लागतं.

दोन गोष्टींत मात्र दिरंगाई नको. एक नागीण. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे दुखरे फोड आले तर गेरू लावत बसू नका. विषाणूवरच्या गोळ्या पहिल्या 72 तासांत सुरू झाल्या तर चांगला उपयोग होतो. डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टरही गाठा. दुसरं, फिकट किंवा लालसर चट्टा, जिथे स्पर्श कळत नाही. डोळे मिटून कापसाने तपासा. कुष्ठरोग असू शकतो. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि वेळेत घेतलं तर हातापायांत व्यंग येत नाही.

तुमची ट्यूब थांबवल्यावर काही दिवस खाज भडकेल, तेव्हा घाबरून पुन्हा तीच लावू नका. डॉक्टरांकडे जाताना ती रिकामी असली तरी बरोबर न्या आणि त्या दिवशी चट्ट्याला काहीही लावू नका.