निवेदनात 'तृतीयपंथी' लिहावं की 'पारलिंगी'? आणि 'लिंगबदल'चं काय?

सोलापूर जिल्ह्यातून एका कार्यकर्तीनं विचारलंय: "आमचा गट जिल्हा शल्यचिकित्सकांना निवेदन देणार आहे. आठवड्यातून एक दिवस ओपीडी, हार्मोन्सचे उपचार सरकारी दवाखान्यात, आणि केसपेपरवर नीट नोंद, एवढ्या तीन मागण्या. पण मसुद्यावरच भांडण लागलंय. कुणी म्हणतं तृतीयपंथी लिहा, कुणी पारलिंगी. कॉलेजातली मुलं म्हणतात सरळ ट्रान्सजेंडर लिहा, आमचे गुरू म्हणतात किन्नर लिहा, त्यात मान आहे. शिवाय 'लिंगबदल शस्त्रक्रिया' हा शब्द बरोबर आहे का?"

मी दवाखान्यांची संमतीपत्रं आणि माहितीपत्रकं मराठीत करून देतो, त्यामुळे हे भांडण माझ्या टेबलावर नेहमीचंच आहे.

'तृतीयपंथी'पासून सुरू करू. पंथ म्हटलं की आपल्याला नाथपंथ आठवतो, महानुभाव पंथ आठवतो. पंथात गुरू असतो, दीक्षा असते, सोबत राहणारी माणसं असतात. हिजडा समाजात हे सगळं आहे: घराणी आहेत, गुरू-चेला नातं आहे, रीत चुकली तर दंडही आहे. त्यामुळे घराण्यात राहणाऱ्यांना हा शब्द चपखल बसतो. अडचण येते ती घराण्याबाहेरच्यांची. जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेला, चिंचोळी एमआयडीसीत कामाला जाणारा एखादा तरुण स्वतःला पुरुष म्हणतो. त्याचा कुठल्याच पंथाशी संबंध नाही. 'तृतीयपंथी ओपीडी, दर बुधवारी' अशी पाटी त्यानं वाचली, तर ती आपल्यासाठी आहे हे त्याच्या डोक्यातही येणार नाही.

गंमत म्हणजे संस्कृतात 'तृतीय'च्या पुढे पंथ नव्हता, प्रकृती होती. अमरकोशात तृतीयाप्रकृती, शण्ढ, क्लीब, पण्ड, नपुंसक असे शब्द एका ओळीत येतात. त्यातला पहिला वर्णनाचा. बाकीच्यांतला 'षंढ' आजही निवडणुकीच्या सभेत शिवी म्हणून ऐकू येतो. मला 'तृतीयप्रकृती' पुन्हा वापरात आणायचा मोह होतो, पण मराठीत प्रकृती म्हणजे तब्येत. दवाखान्याच्या कागदावर 'प्रकृती: तृतीय' असं वाचून डॉक्टर रक्तदाब तपासायला घेतील.

'उभयलिंगी' अजिबात नको. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांबद्दलच्या 2019 च्या केंद्रीय कायद्याच्या हिंदी नावात तो आहे, तिथूनच तो अधूनमधून मराठी बातम्यांत उतरतो. आपल्याकडे शाळेत गांडूळ उभयलिंगी असतं असं शिकवतात. तेवढं पुरे. 'किन्नर' हिंदीतून आलेला, ऐकायला गोड. गुरूंना तो आवडत असेल तर त्यांना त्याच नावानं संबोधावं, पण घराण्याबाहेरच्यांना तोही बसत नाही.

'पारलिंगी' नवा आहे, घडण चांगली आहे. पण घाईत लोक तो 'परलिंगी' वाचतात, आणि त्यात 'लिंग' आहेच. मराठीत या एका शब्दावर किती ओझं आहे बघा: व्याकरणातलं लिंग, अर्जातलं लिंग, शरीराचा अवयव, महादेवाची पिंडी. 'लिंगभाव' (इंग्रजीतलं जेंडर) हा शब्द समाजशास्त्राच्या वर्गात रुळला, पण केसपेपरच्या खिडकीपर्यंत अजून पोहोचलेला नाही. उरला 'इतर'. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या 40,891 जणांची नोंद 'इतर' या रकान्यात झाली. ज्या भाषेत 'इतर खर्च' हा हिशेबाचा शेवटचा रकाना असतो, तिथे माणसाला इतर म्हणायला मला जड जातं.

माझा सल्ला असा. निवेदनाच्या विषयात 'तृतीयपंथी व ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी आरोग्यसेवा' असं लिहा. 'तृतीयपंथी' सरकारी फायलींना ओळखीचा आहे, राज्याच्या कल्याण मंडळाच्या नावातही हेच मूळ आहे, त्यामुळे पत्र योग्य टेबलावर जाईल. 'ट्रान्सजेंडर' लिहिलं की घराण्याबाहेरची मुलंमुली त्यात आली. देवनागरीत लिहिलेला हा शब्द आता मराठीच समजा, 'हॉस्पिटल'इतकाच. तृतीयपंथी आणि तृतीयपंथीय ही दोन्ही रूपं चालतात, फक्त एका पत्रात दोन्ही मिसळू नका.

आता 'लिंगबदल'. वर्तमानपत्रांचा लाडका शब्द. पण ज्या बाईनं लहानपणापासून स्वतःला बाईच मानलं, तिच्या दृष्टीनं बदललं काय? शरीर तिच्या ओळखीजवळ आलं, एवढंच. म्हणून हल्ली पर्याय शोधतात आणि मराठीत फसतात. एका मसुद्यात मी 'लिंगनिश्चिती शस्त्रक्रिया' वाचलं. आपल्याकडे प्रत्येक सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' अशी पाटी असते, 1994 च्या कायद्यामुळे. लिंगनिश्चिती म्हटलं की वाचणाऱ्याला आधी तो गुन्हा आठवतो. दुसऱ्या मसुद्यात होतं 'लिंगपुष्टी उपचार'. कागदावर अर्थ ठीक, बातमीला पुष्टी मिळते तशी ओळखीला पुष्टी. पण एसटी स्टँडबाहेरच्या भिंतींवर गुप्तरोगवाल्यांच्या जाहिराती ज्यानं वाचल्यात, त्याला सांगा बरं लिंगपुष्टी म्हणजे काय!

मी 'ओळखीनुरूप उपचार' लिहितो आणि लगेच पुढे ते उपचार साध्या शब्दांत मोजतो: समुपदेशन, हार्मोन्स आणि त्यासाठीच्या रक्ततपासण्या, लेझरनं केस काढणं, छातीची शस्त्रक्रिया, खालची शस्त्रक्रिया. याचा एक फायदा आहे. 'लिंगबदल' म्हटलं की अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर फक्त मोठं ऑपरेशन येतं आणि 'आमच्याकडे सर्जन नाही' म्हणून कागद बाजूला पडतो. तुमची मागणी तर हार्मोन्सची आहे, जी फिजिशियन आणि प्रयोगशाळा असलेल्या दवाखान्यात सुरू होऊ शकते. 2019 च्या कायद्याच्या 15 व्या कलमात शस्त्रक्रियेच्या बरोबरीनं हार्मोन उपचार आणि समुपदेशन लिहिलेलं आहे, त्या कलमाचा आकडा पत्रात घाला. आणि कुणी 'लिंग ओळख विकार' असं घुसवलं असेल तर 'विकार' खोडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणात हा विषय मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेलेला आहे.

शब्दांची एक बाजू डॉक्टरांनीही शिकायची आहे. एका शिबिरात मी नोंदी लिहायला बसलो होतो. चाळिशीतल्या एक मावशी आल्या, लघवीला त्रास होता. इंटर्न मुलानं विचारलं, "आधी काही ऑपरेशन?" त्या म्हणाल्या, "नाही." त्यानं लिहिलं: नाही. शेजारी बसलेल्या त्यांच्या चेलीनं हळूच सांगितलं, "गुरूंचं निर्वाण झालंय." पोरगा दचकला, समोर बसलेल्या जिवंत बाईकडे बघायला लागला. मराठी माणसाला निर्वाण म्हणजे मृत्यू, तोही थोरामोठ्यांचा. हिजडा समाजात निर्वाण म्हणजे पुरुषी अवयव काढून टाकण्याचा विधी, बऱ्याचदा दाईच्या हातून झालेला, आणि त्यानंतर बाळंतिणीसारखे चाळीस दिवस. मावशींच्या लेखी ऑपरेशन दवाखान्यात होतं, निर्वाण वेगळं. लघवीच्या त्रासाचं मूळ तिथेच असू शकतं. ज्यांचं निर्वाण झालेलं नाही त्यांना 'अकवा' म्हणतात. हे दोन शब्द शिकायला डॉक्टरला पाच मिनिटं लागतात. तुमच्या निवेदनात कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची चौथी मागणी घाला आणि हे शब्द जोडपत्रात द्या.

तुम्ही विचारलं नाहीत, पण क्रियापदाबद्दल सांगतोच. आपल्या भाषेत 'तू आलास' आणि 'तू आलीस' यात निवड करावीच लागते, आणि तिथे गोंधळलेला वॉर्डबॉय नपुंसकलिंगाचा आधार घेतो: "ते बसलंय बघ तिकडं." नपुंसकलिंग मराठीत नेहमीच वाईट नसतं. लेकरू, पोरगं हे मायेचे शब्द आहेत, मालवणीत मुलीला चेडू म्हणतात. कोल्हापूरकडच्या बायका तर बिनदिक्कत 'मी आलो' म्हणतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. पण दवाखान्याच्या व्हरांड्यात मोठ्या माणसाला 'ते बसलंय' म्हणणं म्हणजे त्याला वस्तू करणं. उपाय भाषेनंच देऊन ठेवलाय: तुम्ही. 'तुम्ही कधी आलात', 'कुठे राहता', 'काय त्रास होतो', यात स्त्री-पुरुष काहीच उघड होत नाही, वर मान राहतो तो निराळा. 'मावशी' मात्र जपून. सरकारी दवाखान्यात मावशी म्हणजे आयाबाई, मामा म्हणजे वॉर्डबॉय. "मावशी, इकडे या," म्हटल्यावर दोघी उठलेल्या मी पाहिल्यात.

तमिळनाडूत हे शब्द ठरवण्याचं काम न्यायालयानं करून घेतलं. मद्रास उच्च न्यायालयानं सरकारला शब्दावली ठरवायला लावली आणि 2022 मध्ये ती राजपत्रात छापून आली. त्याआधीच तिथे ट्रान्स स्त्रीसाठी 'तिरुनंगै' हा शब्द लोकांच्या तोंडी बसला होता. ट्रान्स पुरुषासाठी, म्हणजे जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेल्या पुरुषासाठी, 'तिरुनंबी' आहे. त्यातला 'तिरु' म्हणजे आपला 'श्री'. ट्रान्स पुरुषासाठी मराठीत असा एकही रुळलेला शब्द नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

राहिली ओपीडीची पाटी. निवेदनात शब्द हवा, पाटीवर माझ्या मते नको. हैदराबादला 2021 मध्ये ट्रान्सजेंडर लोकांसाठी दवाखाना निघाला, पाठोपाठ कल्याण आणि पुण्यातही. नाव होतं मित्र क्लिनिक. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेची मदत थांबली आणि तिन्ही बंद पडले, ती हळहळ वेगळी. पण नाव बघा. रिक्षावाल्याला "मित्र क्लिनिकला सोडा" म्हणता येतं, घरी फोनवर सांगता येतं, दारातल्या रांगेत उभं राहिल्यावर आपली कहाणी सगळ्या गावाला कळत नाही. तुमच्या बुधवारच्या ओपीडीलाही असं एखादं नाव द्या, नाहीतर नुसता खोली क्रमांक.

शेवटची गोष्ट केसपेपरची, आणि त्यात खरं दुखणं लिंगाच्या रकान्यापेक्षा नावाचं असतं. खिडकीतून आधारकार्डावरचं जुनं नाव मोठ्यानं पुकारलं जातं, साडीतली बाई उठते, आणि सगळी रांग वळून बघते. पुढच्या वेळी ती येतच नाही. आता, एका माणसाची दोन नावं हे मराठीला काही नवीन नाही. लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्यानं लिहिलेलं नाव घेऊन हजारो बायका आयुष्य काढतात, त्यांची माहेरची नावं कागदोपत्री सांभाळली जातात. संन्यास घेतलेल्याचं जुनं नाव आपण 'पूर्वाश्रमीचं' म्हणून अदबीनं सांगतो, आणि त्या नावानं त्याला हाक मारत नाही. तोच शब्द इथे वापरता येतो. रकाने दोन मागा: 'कागदोपत्री नाव' आणि 'हाक मारायचं नाव'. पुकारा दुसऱ्याचाच व्हावा, हे वाक्य मसुद्यात ठळक करा.